मेलबर्नची घामट संक्रांत

भर उन्हाळ्यात संक्रांत म्हणजे काय, हे मेलबर्नला आल्याशिवाय कळत नाही. काळी साडी ऊब धरते म्हणून थंडीत नेसायची, आणि इथे जानेवारीत अंग भाजून काढणारं ऊन! तरी नेसलेच. सणाला काळं नेसायचं हक्काचं निमित्त वर्षातून एकदाच मिळतं, ते उन्हापायी कोण सोडणार?

गुळाचा पाक मात्र झकास जमला. पाण्यात थेंब टाकला, त्याची टणक गोळी झाली, ताटलीवर आपटली तर टण्णकन वाजली. मग तीळ, दाण्याचं कूट, वेलची घालून, हाताला तूप लावून, चटके सोसत भराभर लाडू वळले. गार झाले की संपलंच, एकही वळत नाही.

खरी गंमत उत्तरायणाची. 21-22 डिसेंबरनंतर तिकडे दिवस मोठा होत जातो, इथे दक्षिण गोलार्धात नेमका लहान. लेकीला कौतुकाने सांगितलं, "आता दिवस तिळातिळाने वाढणार." ती म्हणाली, "आई, इथे कमी होतोय." शाळेत जरा जास्तच शिकवतात!

हळदीकुंकू दिवेलागणीला ठरवलेलं. पण साडेआठ वाजले तरी सूर्य मावळायचं नाव घेईना. शेवटी लख्ख उजेडातच उरकलं. वाण म्हणून यंदा सनस्क्रीनच्या छोट्या ट्यूब लुटल्या. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "येताना माझ्यासाठीही दोन ठेव, प्लास्टिकच्या डब्यांचा आता कंटाळा आलाय."