तुम्ही विचारलंत म्हणून : आफ्रिकेच्या दक्षिणेला मुलाबाळांसह जावं का?

“तिकडे भरदिवसा लुटतात म्हणे. मुलांना घेऊन जाणं बरं का?” क्रूगर अभयारण्य, केप टाऊन, व्हिक्टोरिया धबधबा किंवा नामिबियाचं वाळवंट मनात असलेली माणसं मला हे हमखास विचारतात. जावं, मुलांनाही न्यावं, असंच माझं उत्तर असतं. फक्त काळजी कशाची आणि किती करायची, हे घरी असतानाच ठरवायला हवं. लोक पिस्तुलाला आणि सिंहाला घाबरतात, आणि मग भाड्याची गाडी घेऊन अंधारात दोनशे किलोमीटर निघतात. मला धास्ती वाटते ती त्या दोनशे किलोमीटरची.

आधी गुन्हेगारीबद्दल. दक्षिण आफ्रिकेत 2022-23 या एका वर्षात 27 हजारांहून अधिक खून झाले. देशाची लोकसंख्या साधारण सव्वासहा कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. हा आकडा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण या हिंसेचा मोठा भाग न्यांगा, डेल्फ्ट, खायेलित्शा, इनांडा अशा वस्त्यांमध्ये घडतो आणि तिथे राहणारी माणसंच तिला बळी पडतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या माणसांना परतीचं तिकीट नसतं. पर्यटकाच्या वाट्याला बहुधा चोरी, फसवणूक किंवा धाक दाखवून लुबाडणं येतं, आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं.

न्यांगा केप टाऊनच्या विमानतळाजवळच आहे. फोनवरचा नकाशा कधीकधी जवळची वाट म्हणून तिथून नेतो, आणि असे आत शिरलेल्या पर्यटकांवर हल्ले झालेले आहेत. म्हणून विमानतळावरून शहरात जाताना एन-2 महामार्ग सोडायचा नाही, नकाशा दहा मिनिटं वाचवतो म्हणाला तरी. जोहान्सबर्गला दिवसा उतरणारं विमान निवडा. तिथल्या विमानतळावरून शहराच्या सँडटन भागात जायला गाउट्रेन ही जलद रेल्वे आहे, पाऊण तासाची रहदारी पंधरा मिनिटांत टळते. विमानतळावर मोठी रक्कम बदलून घेऊ नका. तिथून पाळत ठेवून हॉटेलच्या दारापर्यंत पाठलाग करणाऱ्या टोळ्या आहेत.

शहरात गाडी चालवताना काचा वर आणि दारं बंद असावीत. सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच फोडून सीटवरची पर्स किंवा डॅशबोर्डवरचा फोन उचलणं हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. सामान डिकीत ठेवायचं ते निघतानाच. मुक्कामाला पोचून सगळ्यांसमोर डिकी उघडून बॅगा आत ढकलल्या, तर आत काय आहे ते पाहणाऱ्याला दाखवल्यासारखंच होतं. रिमोटने गाडी बंद केल्यावर हँडल ओढून बघा. पार्किंगमध्ये कोणी जॅमर लावून रिमोटचा सिग्नल अडवत असेल, तर दिवे लुकलुकत नाहीत आणि गाडी उघडीच राहते. एटीएम बँकेतलं किंवा मॉलमधलंच वापरा. मशिनजवळ मदतीला आलेला सभ्य माणूस कार्डाची अदलाबदल करतो. केप टाऊनच्या मध्यवस्तीत “या रस्त्यावरून चालायला परवाना लागतो, मशिनमधून काढा” असं सांगणारेही भेटतात. असा परवाना नसतो. निर्जन जागी निळे दिवे लावलेल्या साध्या गाडीने थांबवलं आणि शंका आली, तर चारही इंडिकेटर लावून हळूहळू जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा पोलिस ठाण्यापर्यंत जावं आणि तिथे थांबावं. पोलिसांचा क्रमांक 10111, मोबाइलवरून 112. आणि कोणी शस्त्र दाखवलंच, तर हात दिसतील असे ठेवून मागेल ते द्यायचं.

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्रसुद्धा. यावरून घरात वाद होतात हे मला माहीत आहे, पण तिथल्या रस्त्यावर गळ्यातली सोन्याची साखळी लांबून दिसते. काळे मणी आणि साधी वाटी घालून गेलं तरी चालतं.

आता रस्ता. नामिबियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त आणि लोकसंख्या 30 लाखांच्या आसपास, म्हणजे एका पुणे शहराहूनही कमी. अपघात झाला तर मदत काही तासांवर असू शकते, आणि फोनला रेंज असेलच असं नाही. तिथे रस्त्यांचे बी, सी, डी असे वर्ग आहेत : मोठे बी-रस्ते डांबरी, सी-रस्ते बरेचसे खडीचे आणि डी-रस्ते जवळजवळ सगळेच खडीचे. हे रस्ते रुंद, सरळ आणि मोकळे असतात, हाच त्यांचा धोका. शंभरचा वेग कधी आला ते कळत नाही. गाड्यांच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडतात आणि मधे व कडेला सुट्या खडीचे उंचवटे साचतात. समोरून गाडी आली किंवा हरीण आडवं आलं की चालक स्टिअरिंग वळवतो, पुढचं चाक उंचवट्यात शिरतं, गाडी आडवी सरकते, तो घाबरून उलट्या बाजूला जोरात वळवतो आणि उंच बांध्याची गाडी कोलांटी खाते. दुसऱ्या कोणाशीही टक्कर न होता पर्यटकांच्या गाड्या उलटतात त्या अशा.

यावर उपाय साधे आहेत. खडीवर 80 ही कमाल मर्यादा समजा, वळणावर 50-60. ब्रेक सरळ रेषेत, हळूहळू दाबायचा. समोर जनावर आलं तरी स्टिअरिंग न वळवता वेग कमी करायचा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर खडीवर ते चालू ठेवा, पकड सुधारते. टायरमधली हवा भाड्याने गाडी देणाऱ्याला विचारूनच कमी करा. साधारणपणे डांबरीवर 32 ते 35 पीएसआय असेल तर खडीवर 26 ते 28 आणि मऊ वाळूत 18च्या आसपास. हवा कमी केली की टायर पसरतो, दगडावरून फाटण्याऐवजी दबतो. पण तीच कमी हवा घेऊन डांबरीवर वेगाने गेलात तर टायर तापून फुटतो. म्हणून कंप्रेसर आणि हवा मोजायचं गेज गाडीत हवंच. गाडी ताब्यात घेताना दोन स्टेपन्या मागा, त्यांची हवा तपासा, आणि जॅक, पाना, वाळूत जॅकखाली ठेवायची फळी हे सगळं उघडून बघा. शक्य असेल तर एक चाक तिथेच काढून परत बसवा. पाना नटाला बसत नाही हे वाळवंटात कळून उपयोग नाही. माणशी दिवसाला किमान 4 लिटर पाणी. पेट्रोल निम्म्यावर आलं की जो पंप दिसेल तिथे भरायचं. सोसुसव्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्यांकडे जायचं प्रवेशद्वार म्हणजे सेसरीम, त्याच्या वाटेवर सॉलिटेअर नावाच्या वस्तीला पंप आहे, तो चुकवू नका. सोसुसव्लेईपर्यंत सेसरीमपासून सुमारे 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पण शेवटचे 5 किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे साधी गाडी नेणारे रोज रुततात. वाहनतळापासून पुढे न्यायला गाड्या असतात, त्यात बसा.

सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवायची नाही. नामिबियात कुडू जातीची भलीमोठी हरणं झाडीतून थेट दिव्यांसमोर उडी घेतात. बोट्स्वानात मौन या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाढवं आणि गुरं बसलेली असतात. भाड्याच्या करारात रात्रीचं चालवणं बहुधा विम्याबाहेर ठेवलेलं असतं, ते कलम वाचा. टायर, काच, गाडीचा तळ आणि दुसऱ्या वाहनाशिवाय झालेला अपघात, ही आणखी चार कलमं. उलटण्याचा धोकाच सर्वांत मोठा असताना नेमका तोच विम्यात नसतो, असं पुष्कळदा होतं. तुमच्या प्रवासविम्यातही विमानाने इस्पितळात हलवण्याचा खर्च आहे का, ते पाहा.

जनावरांबद्दल थोडक्यात. क्रूगरमध्ये डांबरीवर 50 आणि कच्च्यावर 40 ही वेगमर्यादा आहे, आणि ठरवून दिलेल्या जागांशिवाय गाडीतून उतरायचं नाही. मेच्या सुट्टीत जात असाल तर दरवाजे संध्याकाळी साडेपाचला बंद होतात, हे धरून परतीचा हिशेब करा. हत्तीला किमान 50 मीटर अंतर द्या. कानशिलावर ओला ओघळ दिसला तर तो माजावर असू शकतो, आणखी मागे व्हा. कुंपण नसलेल्या तळांवर रात्री तंबूबाहेर पडायचं नाही, पाणघोडे चरायला बाहेर आलेले असतात. आपल्याकडचा खाऊ तंबूत ठेवू नका. संत्री-मोसंबी तर हत्तींच्या मुलखात नकोतच, झिंबाब्वेच्या माना पूल्स अभयारण्यात ती न्यायलाही बंदी आहे.

मलेरिया आपल्याला ओळखीचा, म्हणून आपण त्याला हलकं घेतो. तिकडे मुख्यतः फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार असतो, तो काही दिवसांत जीव घेऊ शकतो. क्रूगरमध्ये सप्टेंबर ते मे हा त्याचा हंगाम. म्हणजे दिवाळीची सुट्टी त्यात येते आणि मेचीही. बोट्स्वानातले ओकावांगो आणि चोबे, व्हिक्टोरिया धबधबा आणि उत्तर नामिबियातही धोका आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि परतल्यावर मधेच सोडू नका. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल नंतर 7 दिवस, डॉक्सिसायक्लिन नंतर 4 आठवडे. जंतू यकृतातून उशिरा रक्तात येतात म्हणून ही मुदत असते. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेचं सांगा. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी टोचून घ्या. प्रमाणपत्र लागत असूनही जवळ नसेल, तर भारतात परतल्यावर 6 दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात.

मुलं लहान असतील आणि पहिलाच प्रवास असेल, तर केप टाऊनहून गार्डन रूट या किनाऱ्यालगतच्या वाटेने अॅडोच्या हत्ती अभयारण्यापर्यंत जा. अॅडोजवळच्या गेबेर्हापर्यंत (जुनं पोर्ट एलिझाबेथ) साधारण 750 किलोमीटर, तेही डांबरी. त्याचे पाच-सहा टप्पे करा आणि रोज चारच्या आत मुक्कामी पोचा. या वाटेवर मलेरिया नाही, आणि हत्ती, म्हशी, सिंह अॅडोत बघायला मिळतात.