तबलजी, झर्ब आणि आपेर्गिस : रियाज कुठवर आला

मंडळी, आपेर्गिसच्या 'ल कोर आ कोर' या झर्बवरच्या (इराणी तालवाद्य) रचनेचा सुरुवातीचा भाग आता न अडखळता निघतो. लय अजून निम्मीच आहे, आणि फ्रेंच वाक्यं जिथे दाटीनं येतात तिथून पुढे सगळं कच्चं आहे. तरी तबल्यावर हात बसलेल्या माणसाला ही रचना का छळते हे आता नीट कळलंय, म्हणून ही नोंद.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. जॉर्ज आपेर्गिस हा संगीतकार 1945 साली अथेन्समध्ये जन्मला. वडील शिल्पकार, आई चित्रकार. 1963 मध्ये तो पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. संगीत बरंचसं स्वतःच शिकला. झेनाकिससारखा दिग्गज ग्रीक संगीतकार आधीपासूनच पॅरिसमध्ये होता आणि सुरुवातीला त्याची छाप आपेर्गिसवर पडलीही, पण हा वळला नाटकाकडे. 1976 मध्ये पॅरिसला लागून असलेल्या बान्योले या उपनगरात त्यानं 'आतेम' ही मंडळी उभी केली. नट, वादक, गायक, चित्रकार सगळे एका खोलीत, आणि विषय रोजच्या जगण्यातले. बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं, या एकाच प्रश्नाला तो तेव्हापासून चिकटून आहे. 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या कलामहोत्सवाचा सुवर्णसिंह आणि 2021 मध्ये सीमेन्स संगीत पुरस्कार मिळाला, तोही याच कामासाठी म्हणायचा.

आता मूळ मुद्दा. 'ल कोर आ कोर' 1978 ची. एक वादक, मांडीवर आडवा झर्ब, आणि वादकाचं स्वतःचं तोंड. झर्ब म्हणजेच इराणी तोंबक, एकाच लाकडातून कोरलेला पेल्याच्या आकाराचा. ती लिहिली झाँ-पिएर द्रुए या तालवादकासाठी, जो जमशीद शेमिरानींकडे झर्ब शिकला होता. सुरुवातीला निरर्थक अक्षरं आणि थापा. आपल्याला वाटतं, अरे, ही तर पढंत, तबल्याचे बोल तोंडानं म्हणतात तशी! मीही याच समजुतीत खुशीत होतो. पण आपल्याकडे 'धा' म्हटलं की धाच वाजतो. तोंड आणि हात एकाच पक्षाचे. इथे हळूहळू त्या अक्षरांत फ्रेंच शब्दांचे तुकडे शिरतात, तुकड्यांची वाक्यं होतात, कुठली तरी मोटारसायकलींची शर्यत, जखम, रक्त असं काहीबाही दिसू लागतं, आणि हात मात्र आपल्याच वाटेनं चाललेला असतो. तोंड आता हाताचं नाव घेत नाही, त्याच्याशी झुंजतं. वर धाप लागण्याचे, श्वास ओढण्याचे आवाजही लिहून दिलेले आहेत. म्हणजे दमल्याचं सोंग लयीत करायचं, आणि खरोखर दमल्यावरही करायचं.

तबलजीची खोड अशी की जोरकस अक्षर उच्चारलं की डावा हात आपोआप घुमारा द्यायला धावतो. ती मोडण्यासाठी सध्या हे करतोय: हातानं साधा तीनतालाचा ठेका चालू ठेवायचा आणि तोंडानं वर्तमानपत्रातली बातमी वाचायची. दोन्हींत सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकच यायला नको, हे मुद्दाम बघायचं. घरचे हसतात. पण फरक पडतोय. यानंतर झर्ब घेतला की डोकं वेगळं चालतं.

बोटांचं दुखणं निराळं. तोंबकमध्ये 'रीझ' म्हणून सलग वाजणारी बोटांची सर असते. दोन्ही हातांची सगळी बोटं लागतात. आपला 'तिरकिट' तिथे फारसा कामाला येत नाही, कारण त्यात एकेक आघात सुटा ऐकू यावा हीच शिकवण. इथे सुटा ऐकू आला की फसलं. करंगळी अजून रुसलेलीच आहे.

मधल्या वेळात 'रेसितासियों'वरही हात मारतोय, म्हणजे तोंड. 1977-78 च्या सुमाराच्या या 14 रचना, एकट्या स्त्रीच्या आवाजासाठी. मार्टिन व्हियारनं त्या पहिल्यांदा गायल्या. पुरुषानं म्हणाव्यात की नाही हा वाद राहू द्या, मी फक्त नववी रियाजापुरती घेतलीय. तिची युक्ती बघा: शेवटच्या शब्दापासून सुरुवात, आणि प्रत्येक ओळीत त्याच्या आधी एक तुकडा वाढत जातो. कागदावर जिनाच दिसतो. शेवट ठरलेला, सुरुवात दर वेळी मागे सरकते. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) बसवताना आपण समेवरून उलटं मोजत येतो ना, तेच गणित. त्यामुळे ही मला 'ल कोर'पेक्षा लवकर चढली. अडचण आहे ती श्वासाची: ओळ वाढत जाते, दम तेवढाच राहतो. ऐकायचं असेल तर दोनातियेन मिशेल-दान्साकचं ध्वनिमुद्रण ऐका; तिच्या आवाजात वेडसरपणा आणि शिस्त एकाच वेळी आहे.

'माशिनासियों' (2000) मात्र मला अजून पचत नाही. चार बायका, संगणक आणि अक्षरांचा पाऊस. पहिल्या काही मिनिटांनंतर माझं लक्ष उडतं. कुणाला ती आवडत असेल तर कशी ऐकायची ते सांगा.

आणि एक व्यावहारिक प्रश्न. पावसाळ्यात झर्बचं कातडं पार उतरतं. आपल्याकडे तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून कातडं ताणलं की काम भागतं. इथे ना वादी ना गठ्ठा, कातडं थेट काठाला चिकटवलेलं. सध्या टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवून ऊब देतो, मग घटकाभर 'तोम' हा खर्जातला बोल बरा बोलतो आणि पुन्हा बसतो. प्लास्टिकचा पडदा बसवलेला तोंबक कुणी वापरलाय का? रीझ त्यावर कशी वाजते, एवढंच कळलं तरी पुढचा खर्च करायचा की नाही ते ठरवता येईल.