टेस्ट अक्काच्या सोप्यात

निपाणी भागात एचआयव्ही टेस्टिंगचं काम करतो, लॅब टेक्निशियन आहे. आमच्या टीमला सगळ्यात अवघड जातं ते जोगत्यांपर्यंत (यल्लम्माला वाहिलेले, साडी नेसणारे पुरुष) पोचणं, आणि त्याहून अवघड म्हणजे पुरुषांशी संबंध असलेली, पण लग्न झालेली, घरात कुणालाच काही माहीत नसलेली पोरं. दवाखाना लांब आहे म्हणून येत नाहीत असं अजिबात नाही हो, बस आहे, टेस्ट फुकट आहे, पण सकाळी अकराला त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणार कोण? समोरून गावातलंच कुणीतरी बीपीच्या गोळ्या न्यायला आलेलं असतं.

म्हणून मागच्या पावसाळ्यात एका जोगत्या अक्काच्या घरीच संध्याकाळी कॅम्प घेतला (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही). वार अक्कानंच ठरवला, मंगळवार-शुक्रवार सगळे जोगवा मागायला बाहेर असतात, मग बुधवार. सोप्यात चटई, एका बाजूला यल्लम्माचा जग (डोक्यावर घेऊन फिरतात ती देवीची मूर्ती), दुसऱ्या बाजूला माझे किट. चहा दोनदा झाला तरी कुणी पुढं येईना. शेवटी अक्कानंच पदर खोचला आणि बोट पुढं केलं, "घे बाबा, माझं आधी घे. साडी नेसून जग डोक्यावर घेताना लाजले न्हाई, आता तुझ्या सुईला लाजू व्हय?" मग काय, एकमेकांची चेष्टा करत सगळ्यांनीच बोटं पुढं केली. टोचून थेंबभर रक्त, वीस मिनिटांत रिझल्ट, पण रिझल्ट सांगायचा एकेकाला मागं परड्यात नेऊन.

शेवटी शेवटी एक पोरगं आलं, हेल्मेट काढायलाच तयार नाही. त्याची टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे लागण असल्याचा संशय. मी सांगितलं, हे फायनल नव्हे, सरकारी सेंटरला तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात, मगच पॉझिटिव्ह म्हणायचं. तर म्हणाला तिथं नको, तिथं मावसबहिणीची ड्युटी असते. मी २०१७ चा एचआयव्हीचा कायदा सांगितला, तुझ्या परवानगीशिवाय तिथलं कुणी गावात सांगू शकत नाही वगैरे. "दादा, कायदा तिला म्हायत असंल, मावशीला न्हाई."

यावर काय बोलणार! २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भूत उतरवलं, मावशी अजून तिथंच बसलीय.

मग ठरलं, कोल्हापूर, तिथलं सरकारी हॉस्पिटल सीपीआर. बॉर्डर ओलांडली की आकडा आमच्या रिपोर्टात दिसत नाही, टार्गेट कर्नाटकात मोजतात, पण साहेबांना विचारत बसलो असतो तर पोरगं हातचं गेलं असतं. एसटीत तो पुढच्या सीटवर, मी मागं, ओळखच नसल्यासारखे. तिथं तिन्ही किटवर पॉझिटिव्ह. काउन्सेलरला त्यानं एकच विचारलं, बायकोचं काय? तिनं नीट समजावलं, बायकोची टेस्ट करूया, तुझ्या गोळ्या फुकट आहेत आणि लगेच सुरू होतात, रोज घेतल्यास आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबून तसाच राहिला तर संबंधांतून पुढं लागण होत नाही, तोवर कंडोम. बायकोला आणायला त्याला बराच वेळ लागला, पण आणलं. तिची निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी परत करायला सांगितलंय.

बाकीच्यांची टेस्ट सहा महिन्यांनी परत करायची असते. अक्कानं सौंदत्तीच्या यात्रेनंतरचा बुधवार दिलाय, आणि बजावलंय, जागा आमची, चहापत्ती-साखर तुमची.