कांजी: आधी शब्द, मग अक्षर

हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे गेल्या पावसाळ्यात, रंकाळ्यावरची सकाळची फेरी बंद होती त्या दिवसांत, मी शिकून घेतली. कांजीचे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी मूळच्या अक्षरांचे, मात्र तसे नाही. जपान सरकारच्या २०१० च्या यादीत नित्य वापराच्या २१३६ कांजी आहेत आणि तिथली मुलेदेखील त्यांतल्या १०२६ शिकायला प्राथमिक शाळेची सहा वर्षे घेतात. (‘कांजी गिरवतोय’ म्हटल्यावर आईला साड्यांची खळ आठवली, ते वेगळेच.)

सुरुवातीला मी गिरवण्याचाच मार्ग धरला. महाद्वार रोडवरून आणलेल्या चौकटीच्या वहीत एकेक कांजी पन्नास वेळा लिहूनही ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणे, यांतली कोणती कुठली हे मला सांगता येत नसे. दोन्हींचा उजवा भाग एकच, ‘देऊळ’ या अर्थाची कांजी. डावीकडे मात्र पहिलीत चालण्याशी निगडित घटक आणि दुसरीत हात. त्याच देवळाच्या डावीकडे सूर्य आला की ‘वेळ’ आणि माणूस आला की ‘सामुराई’ होतो, हे कळल्यावर पन्नास वेळा लिहिण्याची गरजच उरली नाही.

मग घटकांच्या गोष्टी रचून आधी केवळ अर्थ पाठ करण्याची पद्धत महिनाभर वापरली. अर्थ भराभर येऊ लागले, परंतु एकही ओळ मोठ्याने वाचता येईना, कारण एकाच कांजीचे उच्चार अनेक असतात. पाण्याची कांजी एकटी आली की ‘मिझु’, पण बुधवारच्या ‘सुइयोबी’त तीच ‘सुइ’ होते. मराठी माणसाने याला घाबरू नये. आपणही पाणी पितो आणि जलतरण करतो, हाताने लिहितो आणि हस्ताक्षर म्हणतो. जपानीने चिनी उच्चार घेतले तसे आपण संस्कृत शब्द घेतले, एवढेच. म्हणूनच उच्चारांची यादी सुटी पाठ करणे मला व्यर्थ वाटते; ते शब्दांतूनच यावेत.

आता मी रोज पाच शब्द घेतो, त्यांतल्या कांजींचे घटक पाहतो आणि मोबाइलवरील ‘अंकी’ या ॲपमध्ये त्यांचे पत्ते, म्हणजे फ्लॅशकार्ड, करून ठेवतो. चुकलेला पत्ता लवकर परत येतो, जमलेला उशिरा. पुण्यात होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत हाताने लिहायचे नसल्याने लेखन वगळावे असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही: वरून खाली, डावीकडून उजवीकडे हा रेषाक्रम हातात बसला नाही, तर अनोळखी कांजी बोटाने रेखून शब्दकोशात शोधणेही कठीण जाते. पहिल्या दोनेकशे कांजी तरी वहीत उतराव्यात, पण पन्नास वेळा नव्हे, तीनदा पुरे.

काल पाणी आणि रस्ता या दोन कांजींचा जोडशब्द प्रथमच समोर आला. ‘सुइदो’ हा उच्चार मी अचूक केला, अर्थ मात्र ‘जलमार्ग’ असा लावला. वाक्यात तो नळाच्या पाणीपुरवठ्याविषयी होता.