गटारीच्या रविवारी पांढरा फुटला तेव्हा

४ ऑगस्ट २०२४, गटारीचा रविवार, आणि पावणेबाराला आमच्या किचनमध्ये बारा लिटर पांढरा रस्सा फुटला, त्याची ही गोष्ट. मी कोल्हापुरात घरातूनच मटणाच्या ऑर्डरी घेते. पाटी नाही, हॉटेल नाही, मागच्या पडवीत दोन मोठ्या शेगड्या, मी, सासूबाई आणि मदतीला एक मावशी. रविवारी नवरा डिलिव्हरी बघतो. नवरा या गोष्टीत पुढं येणारच आहे म्हणून आधीच सांगून ठेवलं.

त्या वर्षी अमावस्या नेमकी रविवारी आली आणि सोमवारी लगेच श्रावण सुरू, म्हणजे अख्ख्या गावाला मटण खायला एकच दिवस. त्यात दहाएक दिवस आधी पंचगंगेनं ४३ फुटाची धोक्याची पातळी ओलांडलेली, लोक घरात बसून बसून कंटाळलेले, पाणी उतरायला लागल्यावर सगळ्यांना एकदमच भूक लागली. मी शहाणपणा करून एकच ऑर्डर घेतली, राजारामपुरीतली, चाळीस माणसं, दुपारी एकला ताटं वाढायची. आठ किलो मटण. नवरा पहाटे साडेपाचला दुकानाच्या लायनीत जाऊन उभा राहिला तर पुढं आधीच तीसेक माणसं, पावसात छत्र्या घेऊन. ज्या गावात २०१९ ला मटणाचे दर वाढले म्हणून लोकांनी आंदोलन केलं त्या गावातली गटारीची लाईन कशी असते ते बाहेरच्याला सांगून नाही कळायचं.

बाहेरच्या लोकांना वाटतं तांबडा आणि पांढरा म्हणजे दोन वेगळ्या भाज्या. तसं नसतंय. आधी एकच अळणी होतं आणि पुढचं सगळं त्याच्यातनं निघतं. नाव अळणी, पण आमच्यात मीठ पडतं, तिखट तेवढं नाही. तेलावर थोडा कांदा, आलं-लसूण, हळद, मग मटण टाकून स्वतःच्या पाण्यात चांगलं परतायचं, वर ताटात पाणी ठेवून झाकायचं आणि ते ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं. गार पाणी ओतलं की मटण आखडतं असं सासूबाई म्हणतात आणि या विषयात मी त्यांच्याशी वाद घालत नाही. कुकर मी चाळीस माणसांना वापरत नाही, दोन-अडीच तास मंद आचेवर शिजलं की नळ्यांचा चिकटपणा पाण्यात उतरतो, बोटाला बोट चिकटतं. हे पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी थरथरणारी वडी होते, जेली म्हणा. लहान पोरांना, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला आमच्यात हेच पाणी वाटीभर देतात, वर मिरपूड. सूप म्हणून वेगळं काही शिकावं लागत नाही कोल्हापुरात.

दहापर्यंत अळणी झालं. मटण वेगळं काढून सुक्क्याला गेलं, पाण्याचे वाटे झाले, तांबड्याला एक, पांढऱ्याला एक, आणि चार लिटर पोरांसाठी बाजूला, कारण त्या ऑर्डरीत बारकी पोरं बरीच होती. तांबड्याचं काही सांगत नाही, तो चुकायला अवघड आहे, कांदा-लसूण चटणी चांगली असली की तो स्वतःला सांभाळून घेतो. पांढरा मात्र लई नाजूक. दहा नारळ खवून कोमट पाण्यात वाटून पहिलं घट्ट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. काजू, मगज, खसखस, पांढरे तीळ भिजवून अगदी गंधासारखं वाटण. तुपात वेलची, लवंग, दालचिनी, मिरी, चिरलेल्या हिरव्या मिरच्या, त्यावर वाटण, मग अळणी, मग दुसरं दूध, एक हलकी वाफ. गॅस बंद. आणि मग सगळ्यात शेवटी पहिलं दूध, आणि त्यानंतर त्या पातेल्याखाली जाळ नाही म्हणजे नाही. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकमेकांत मिसळलेलं असतं ते त्यातल्या प्रथिनांनी धरून ठेवल्यामुळं, उकळी आली की ती प्रथिनं गोळा होतात आणि तेल सुटून वर येतं. हे मला नंतर वाचून कळलं. सासूबाईंनी शिकवलं ते एका वाक्यात, दूध घातल्यावर पांढऱ्याकडं नुसतं बघायचं.

साडेअकराला सगळं तयार. मी आत भाकऱ्या मोजायला गेले, मावशी कांदा-लिंबू कापत होत्या. नवरा आला, पातेल्याला हात लावून बघितला, त्याला वाटलं हे तर कोमट झालंय, लोकांना गार रस्सा कसा द्यायचा, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं शेगडी मोठी केली, झाकण टाकलं आणि टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेला.

मावशींची हाक आली, "ताई, या की बाहेर. मी बघितलो, वर तेल आलंय."

झाकण काढलं तर वर पिवळट तेलाचे ठिपके, मधे ताकात पडावेत तसे पांढरे बारीक कण, आणि खाली निळसर पाणी. वासाला एकदम मस्त बरं का, चवीलाही काही वाईट नाही. पण असला रस्सा चाळीस माणसांच्या वाटीत वाढायचा म्हणजे पुढच्या वर्षी त्या घरातनं फोन विसरायचा. मी नवऱ्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो एवढंच म्हणत होता, "अगं गार झालं हुतं म्हणून..." शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "बोंबलून दूध एकत्र येतंय व्हय? पुढचं बघा."

पहिल्यांदा मी दोन पळ्या रस्सा मिक्सरला फिरवून बघितला. एकदम छान पांढराशुभ्र आला, मला वाटलं जिंकलो. वाटीत ठेवला, पाच मिनिटांत परत तेल वर. म्हणजे तो रस्ता बंद. मग हिशोब केला, हातात काय आहे? पोरांसाठी ठेवलेलं चार लिटर अळणी. सुक्क्यातनं बाजूला काढलेल्या नळ्या आणि फासळ्या, त्या दुसऱ्या शेगडीवर कढत पाण्यात घालून वीस मिनिटं खळखळून उकळल्या तर आणखी तीन लिटर निघेल, पहिल्याची सर नाही पण अगदी पाणीही नाही. वाटणापुरते काजू आणि मगज होते, खसखस संपलेली (तिचा भाव बघता संपलेलीच बरी). नारळ मात्र शून्य. नवऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पळवला, तो तीन घेऊन आला, तेवढेच होते. आणि मग सासूबाई काही न बोलता देवघरात गेल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या श्रावणी सोमवारच्या पूजेचे दोन नारळ घेऊन आल्या. मी म्हटलं आई, ते देवाचे. तर म्हणाल्या, उद्या सकाळी त्याला दुसरे आणू, त्याची काय एकची ऑर्डर न्हाई.

पाच नारळात दहा नारळांचा रस्सा होत नाही. इथं मी जे केलं ते आजपर्यंत कधी केलं नव्हतं आणि केलंय असं कुणाला सांगायची इच्छाही नव्हती. हॉटेलात पांढऱ्याला दाटपणा यायला कॉर्नफ्लोर मारतात, ते खाऊन मी कित्येकदा नाक मुरडलंय, माझ्या रस्स्यात पीठ नसतं असं गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगितलंय. त्या दिवशी भातासाठी भिजवलेल्या तांदळातनं मी दोन मुठी उचलल्या आणि काजूबरोबर वाटल्या. तांदळाचा फायदा असा की अळणीत हे वाटण आधी दहा मिनिटं चांगलं उकळून घेतलं की रस्सा अंग धरतो आणि वरून घातलेलं दूध लवकर फुटत नाही. ते उकळत असताना मावशी नारळ खवत होत्या, नवरा नारळाचं दूध पिळत होता, एवढं मन लावून त्यानं कधी काही पिळलेलं मी बघितलं नाही. गॅस बंद करून थोडं निवू दिलं, दूध घातलं, ढवळलं. जमला. बाराच्या ठिकाणी आठ-साडेआठ लिटर, पण जमला.

मग ऑर्डरवाल्या ताईंना फोन केला. खोटं बोलायची वेळच नव्हती, सरळ सांगितलं, ताई पांढरा फुटला, नवीन केलाय, थोडा कमी येईल, तांबडा जास्त पाठवते, पोरांचं अळणी गेलं त्यात, त्याचे पैसे धरू नका, आणि वीस मिनिटं उशीर होईल. पलीकडं दोन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, "वीसच मिनिटं ना? मग चालतंय. पण गरम करून देऊ का आम्ही?" मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की मावशींच्या हातातनं खवणी पडली. त्यांना सांगितलं, कॅन तशीच कढत पाण्याच्या घमेल्यात ठेवा, गॅसवर चढवू नका. आता हे वाक्य मी प्रत्येक कॅनवर चिठ्ठी लिहून चिकटवते.

एक वीसला ताटं बसली. दोन वाजता ताईंचा मेसेज, सगळं छान, पांढरा पुरला. मी जमिनीवरच बसले.

चार वाजता परत फोन, त्याच घरातला, पण आवाज म्हातारा. त्यांचे आजोबा. आधी तांबड्याचं कौतुक केलं, सुक्क्याचं केलं, मग म्हणाले, "बाई, पांढऱ्यात तांदूळ कशाला घातलास?"

मला खरंच घाम फुटला. चाळीस माणसांत एकाला कळावं, आणि तेही ऐंशीच्या पुढच्या माणसाला. म्हटलं आजोबा, कसं ओळखलं? तर म्हणाले, गरम असताना नाही कळलं. शेवटची वाटी मी नेहमी गार करून पितो. नारळाचा पांढरा गार झाला की वर तुपाचा तवंग धरतो. तुझ्या वाटीवर साय आली आणि चमचा फिरवला तर पेजेगत जाड लागलं. मी सगळं सांगितलं, नवऱ्यासकट. ते खूप हसले, खोकला येईपर्यंत. मग विचारलं, "फुटलेला टाकलास का?"

म्हटलं नाही, पातेलं तसंच आहे, काय करावं कळत नाही, उद्यापासून श्रावण.

"टाकू नको," म्हणाले, "चटणी मार त्यात. तेल आपणच वर आलंय, तुला तरी काढायची मेहनत न्हाई."

आणि मी फोन ठेवून तिथंच उभी. वीस वर्षं रस्से करते, तांबड्यावर तेल सुटलं की म्हणतो छान तर्री आली आणि पांढऱ्यावर तेच सुटलं की रडत बसतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटलं, तेलात कांदा-लसूण चटणी परतली आणि तो बारा लिटर त्यात ओतला. रंग नेहमीच्या तांबड्यासारखा लाल नाही आला, जरा केशरी, नारळाच्या दुधामुळं चव थोडी गोडसर, पण नाद खुळा. शेजारच्या चार घरांना निरोप गेला, लोक पातेल्या आणि किटल्या घेऊन पावसातनं आले, कारण बारा वाजायच्या आत संपवायचा होता. मटण नव्हतंच त्यात, नुसता रस्सा आणि भात, वर कांदा.

साडेदहाला आम्ही बायका शेवटी जेवायला बसलो. नवरा पडवीतनं डोकावला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जरा गरम करू का?"

सासूबाई ताटातनं मान वर न करता म्हणाल्या, "आता उकळ की पायजे तेवढा."