डिटॉक्ससाठी काय पिऊ?

मी बायोकेमिस्ट्री शिकवायचे हे तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्या कुणाला कळलं, की प्रश्न ठरलेला: "मॅडम, शरीर डिटॉक्स करायला कुठला रस चांगला? कारलं, दुधी की गव्हांकुर?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधी दुधीचं. रस कडू लागला तर सरळ ओतून द्या. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याने माणसं दगावली आहेत. 'औषध कडूच असतं' म्हणून घोट गिळू नका.

आता डिटॉक्स. शरीरातलं सगळंच विष काही बाहेरून येत नाही. पेशी ग्लुकोज फोडते तेव्हा वाटेत तीन-तीन कार्बनचे तुकडे तयार होतात. त्यातले थोडे, पुढच्या एन्झाइमच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) हाती लागण्याआधीच, आपल्याला जोडलेला फॉस्फेट आपोआप गमावतात आणि मिथाइलग्लायॉक्सल होऊन बसतात. फोडणी म्हटली की चार मोहऱ्या कट्ट्यावर उडायच्याच! हा रेणू भलता चिकट. प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतो, डीएनएलाही सोडत नाही.

त्याचा बंदोबस्त ग्लायॉक्सलेज हे एन्झाइम करतं. 1913 पासून ते माहीत आहे, पण डिटॉक्सच्या जाहिरातीत त्याचं नाव मी अजून वाचलेलं नाही. मिथाइलग्लायॉक्सल आधी पेशीतल्या ग्लुटाथायोन या छोट्या रेणूला चिकटतं. मग जस्ताच्या मदतीने चालणारं ग्लायॉक्सलेज-1 त्या जोडीतल्या अणूंची मांडणी बदलतं आणि ग्लायॉक्सलेज-2 पाण्याने ती जोडी तोडतं. उरतं निरुपद्रवी डी-लॅक्टेट, आणि ग्लुटाथायोन जसंच्या तसं परत मिळतं. वर्गात इथे मी हमखास थांबायचे. इतकी काटकसर सदाशिव पेठेतही बघायला मिळत नाही.

मधुमेहात काही पेशींत साखर जास्त शिरते, मिथाइलग्लायॉक्सलही वाढतं. मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, नसा बिघडण्यात त्याचा हात असल्याचे पुरावे आहेत.

रसातून ग्लायॉक्सलेज वाढत नाही. एन्झाइमच प्यायलात तरी ते शेवटी प्रथिन, पोटात पचून जाणार. ग्लुटाथायोन पेशी स्वतः बनवते. त्याला लागणारी अमिनो आम्लं आमटी-भातातून मिळतात. म्हणून माझं उत्तर: रस राहू द्या, नंतरच्या चहातली साखर कमी करा. टेकडी मात्र सोडू नका, चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आणि कारल्याचा रस आवडतच असेल, पण मधुमेहाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते.