ग्रांद दिक्सांसच्या भिंतीवरून

रविवार, सप्टेंबर संपत आलाय

सकाळी स्वित्झर्लंडमधल्या सिओंहून गाडी काढली आणि लगेच घाट सुरू, वेक्सपर्यंत वळणावर वळण, त्यात समोरून पोस्टाची पिवळी बस. तिचा तो तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की गाडी कडेला दाबायची, या रस्त्यांवर पहिला मान तिचा. एरेमांसला लाकडी घरांच्या गर्दीत ते काँक्रीटचं चर्च दिसलं, पण थांबलो नाही. पुढे रस्ता आणखी अरुंद झाला आणि मग दरीचं तोंडच बंद करून उभी असलेली ग्रांद दिक्सांस धरणाची भिंत दिसली.

२८५ मीटर! कोयना १०३ मीटर, म्हणजे हिच्यापुढे एक तृतीयांशाहून थोडी जास्त. आणि ही नुसत्या स्वतःच्या वजनावर पाणी अडवते म्हणून तळाशी जवळजवळ २०० मीटर जाड आहे, माथ्यावर १५. या प्रकारातलं जगातलं सगळ्यात उंच धरण, १९६१ ला पूर्ण झालं.

रोपवेने वर गेलो, तलाव काठोकाठ भरलेला. उन्हाळाभर बर्फ वितळून आत्ताच तो भरतो आणि हिवाळ्यात वीज करत करत एप्रिलपर्यंत रिकामा होतो, म्हणजे आपल्या पावसाळ्याचं काम इथे ऊन करतं. पण मला खरं नवल वाटतं ते हे, की यातलं बरंचसं पाणी या दरीचं नाहीच. पार झेरमाटकडच्या हिमनद्यांचं पाणी डोंगर पोखरून सुमारे १०० किमी बोगद्यांतून इथे आणलंय, मुख्य बोगदा २४०० मीटरच्या आसपास ठेवलाय म्हणजे ते उताराने आपसूक येतं आणि जे खाली सापडतं ते पंपाने वर चढवतात. फोटो सगळे भिंतीचे काढतात (मीपण काढले) पण तासन्‌तास दगडाच्या धुळीत उभं राहून ते बोगदे खणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना सिलिकोसिस (त्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) झाला, त्यांचं काम डोंगराच्या पोटात आहे, दिसतच नाही. मला तरी भिंतीपेक्षा ते मोठं वाटतं.

कोयनेखाली गावं गेली. इथे कुरणं गेली आणि १९३५ चं जुनं धरणही याच पाण्याखाली आहे, आख्खं.

हिमनद्या दरवर्षी मागे सरकतायत त्याची काळजी वाटते, हा तलाव त्यांच्याच जिवावर भरतो. पुढच्या उन्हाळ्यात आरोलाला जायचं नक्की केलंय, तिथे पंपिंग स्टेशन आणि हिमनदी दोन्ही आहे.